कुटुंबातील सचित्र पोस्टकार्डे : प्रस्तावना

सचित्र पोस्टकार्ड म्हणजे एका बाजूला चित्र किंवा छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूला पत्ता, तिकीट व मजकूर असलेले, पाकिटाविना टपालाने जाणारे कार्ड. त्याचा रूढ आकार १४ बाय ९ सेंटिमीटर. मराठी घरांत अशी कार्डे क्वचितच वेगळी जपली गेली. ती सापडतात ती जन्मपत्रिका, लग्नाच्या याद्या, जमिनीचे उतारे आणि शाळेचे दाखले यांच्या गठ्ठ्यात, नाहीतर काळ्या पानांच्या फोटो-अल्बममध्ये. कोणते कार्ड कोणी कोणाला पाठवले हे घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला ठाऊक असते. ती व्यक्ती गेली की कार्ड उरते ते केवळ एक जुने चित्र म्हणून. या प्रकारच्या कागदांचा अभ्यास आजवर मुख्यतः चित्राच्या बाजूने झाला आहे. नात्यागोत्यात आलेल्या-गेलेल्या कार्डाचा अर्थ मात्र दोन्ही बाजू एकत्र वाचल्याशिवाय लागत नाही, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

साध्या कार्डापासून चित्रापर्यंत

पोस्टकार्डाची कल्पना बचतीतून आली. व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाट येथील लष्करी विद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एमानुएल हेरमान यांनी १८६९ च्या जानेवारीत एका वृत्तपत्रातून असा मुद्दा मांडला, की दोन ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट आणि पूर्ण टपालहशील खर्च करणे व्यर्थ आहे. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्याने जगातले पहिले अधिकृत पोस्टकार्ड विक्रीस आणले. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे तीस लाख कार्डे खपली. पुढच्या वर्षी ब्रिटनने त्याचा कित्ता गिरवला. भारतात पोस्टकार्ड आले ते १ जुलै १८७९ रोजी. त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा होती. राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा असलेले हे कार्ड लंडनच्या डी ला रू कंपनीने छापले होते. पत्र लिहिणे ही तोवर खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांची किंवा व्यापाऱ्यांची गोष्ट होती. एका पैशाच्या कार्डाने ती कारकून, शाळामास्तर, रेल्वेचा नोकर आणि शिपाई यांच्या आवाक्यात आणली.

या अधिकृत कार्डावर चित्र नव्हते. खाजगी प्रकाशकांची सचित्र कार्डे युरोपात १८८० नंतर फोफावली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनातील आयफेल टॉवरच्या कार्डांनी आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील कार्डांनी त्यांना लोकप्रियता दिली. ब्रिटनमध्ये १८९४ पासून खाजगी कार्डावर तिकीट लावून ते टाकण्याची मुभा मिळाली. सुरुवातीला कार्डाची एक बाजू फक्त पत्त्यासाठी राखलेली असे, त्यामुळे मजकूर चित्राभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कसाबसा बसवावा लागे. १९०२ मध्ये ब्रिटनने पत्त्याची बाजू मधोमध रेघ मारून विभागण्यास परवानगी दिली. डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता ही रचना पुढे फ्रान्स, जर्मनी, अमेरिका असे एकेक देश स्वीकारत गेले. या एका रेघेने चित्राला पूर्ण बाजू मिळाली आणि लिहिणाऱ्यालाही हक्काची जागा मिळाली. ब्रिटनमध्ये १९०१ ते १९१० या काळात सुमारे सहाशे कोटी पोस्टकार्डे टाकली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मुंबईचा वाटा

भारतात सचित्र कार्डे १८९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात दिसू लागतात. कलकत्त्यात वेर्नर रोसलर या छायाचित्रकाराने १८९७ च्या सुमारास काढलेली कार्डे सर्वांत जुन्या कार्डांत मोजली जातात. मुंबईत क्लिफ्टन अँड कंपनी आणि फोटोटाइप कंपनी, मद्रासेत हिगिनबॉथम्स, दिल्लीत एच. ए. मिर्झा अँड सन्स, अंबाल्यात मुरलीधर अँड सन्स आणि बेळगावात एस. महादेव अँड सन असे प्रकाशक उभे राहिले. छायाचित्र इथे काढले जाई आणि छपाई पुष्कळदा जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात होई, कारण रंगीत शिळाछाप आणि कोलोटाइप यांत तिथले कारखाने सर्वांत पुढे होते. पहिल्या महायुद्धाने हा मार्ग बंद केला. त्यानंतरच्या अनेक कार्डांचा कागद आणि रंग उतरलेला दिसतो, त्याचे एक कारण हे आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील दोन नावे महत्त्वाची आहेत. पहिले राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा शिळाछाप कारखाना नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रित्स श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात आला आणि १९७२ च्या आगीत त्याची मोठी हानी झाली. रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या मोठ्या तसबिरी घरोघरी पोचल्या हे सर्वांना माहीत आहे. त्याच प्रतिमा पोस्टकार्डाच्या आकारातही निघाल्या, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. एतद्देशीय कुटुंबाला आपल्या माणसाकडे पाठवावेसे वाटेल असे चित्र या कार्डांनी पुरवले.

दुसरे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे. कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आयुष्य घालवलेल्या धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या रस्त्यावरची माणसे कार्डांवर आणली. मोलकरीण, पोलीस, फेरीवाले, नटूनथटून निघालेल्या स्त्रिया अशी ही चित्रे आहेत. त्याच काळात युरोपीय प्रकाशक भारतीय माणसांची ‘नमुने’ म्हणून कार्डे काढत होते आणि त्यांच्याखाली जात किंवा धंदा एवढेच छापत होते. धुरंधरांच्या कार्डांतली माणसे मात्र चालतात, मुरडतात, हसतात. चित्रकार त्यांच्यातलाच होता. धुरंधरांनी आपल्या कारकिर्दीच्या आठवणी ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत आणि तो काळ समजून घेण्यास ते पुस्तक आजही उपयोगी पडते.

कार्डांचे प्रकार

घरातल्या गठ्ठ्यात सापडणाऱ्या कार्डांचे ढोबळमानाने सहा वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग स्थळदर्शनाचा. मुंबईचे बोरीबंदर आणि राजाबाई टॉवर, काशीचे घाट, आग्र्याचा ताज, जबलपूरजवळच्या भेडाघाटचे संगमरवरी कडे ही त्यातली नेहमीची दृश्ये. दुसरा वर्ग देवदेवतांचा आणि पौराणिक प्रसंगांचा. तिसरा माणसांच्या चित्रांचा, ज्यात युरोपीय प्रकाशकांची ‘नमुना’ कार्डे आणि धुरंधरांची विनोदी कार्डे दोन्ही येतात. चौथा वर्ग फोटो-कार्डांचा. कोडॅकने १९०३ मध्ये पोस्टकार्डाच्या मापाची फिल्म घेणारा कॅमेरा बाजारात आणला, आणि पाठीवर पत्त्याच्या रेघा छापलेला फोटोचा कागदही मिळू लागला. त्यामुळे स्टुडिओत काढलेला बाळाचा, नवदांपत्याचा किंवा पागोटे घातलेल्या आजोबांचा फोटो थेट कार्डावर उतरवता येई. अशा कार्डाच्या मोजक्याच प्रती निघत आणि त्या बहुधा नात्यातच जात, म्हणून कौटुंबिक इतिहासाला हा वर्ग सर्वांत मोलाचा आहे.

पाचवा वर्ग सणांच्या शुभेच्छांचा. यात मराठी घरांची स्वतःची अशी एक रीत आहे ती संक्रांतीच्या कार्डाची. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे छापलेले सचित्र कार्ड आणि त्याबरोबर पुडीत चार दाणे हलवा असे पाकीट लांबच्या नातेवाइकांना पाठवले जाई. दिवाळी-दसऱ्याची कार्डेही अशीच पाकिटात घालून, तोंड न चिकटवता, वर ‘बुक-पोस्ट’ लिहून कमी हशिलात धाडली जात. कडक व्याख्येने ही पोस्टकार्डे नव्हेत, पण चित्र, नाते आणि टपाल यांचा मेळ त्यांत तोच असल्याने या पुस्तकात त्यांना जागा दिली आहे. सहावा वर्ग सरकारी व संस्थांच्या कार्डांचा. २ ऑक्टोबर १९५१ रोजी भारतीय टपालखात्याने गांधीजींची तीन सचित्र कार्डे काढली. पर्यटन खाती, हॉटेले आणि विमान कंपन्या यांनीही कार्डे छापली. एअर इंडियाच्या महाराजाची चित्रे असलेली कार्डे हा त्यातला ओळखीचा प्रकार. परदेशी निघालेल्या पहिल्या पिढीकडून आईवडिलांकडे येणाऱ्या टपालात अशा कार्डांची भर पडली.

यांच्याखेरीज हाताने काढलेल्या चित्रांची कार्डे असतात. नंदलाल बोस कोऱ्या कार्डावर शाईच्या चार रेषांत चित्र काढून शिष्यांना आणि स्नेह्यांना पाठवत. ती कार्डे आज कलेतिहासाचा भाग आहेत. एखाद्या मामाने भाच्यासाठी रेखाटलेले इंजिन कलेतिहासात जाणार नाही, पण त्या घराच्या दृष्टीने त्याचे स्थान तेच आहे.

रायपूर आणि नागपूरची वाट

मराठी कुटुंबांच्या टपालाचा विचार करताना महाराष्ट्राबाहेरच्या वस्त्यांना वेगळे महत्त्व येते, कारण माणसे लांब असतात तिथेच पत्रे साठतात. छत्तीसगढ हा त्यातला एक जुना मुलूख. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे अठराव्या शतकाच्या मध्यावर आला. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठाणे रायपूरला आणले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. तात्यापारा हे मराठी वळणाचे नाव रायपूरच्या जुन्या वस्तीत आजही कायम आहे.

भोसल्यांचे राज्य गेले तरी मराठी माणसांची ये-जा थांबली नाही. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्याने कचेऱ्या, शाळा, न्यायालये आणि रेल्वे यांतल्या नोकऱ्यांच्या निमित्ताने ती वाढलीच. नागपूरकडून निघालेला लोहमार्ग १८८२ पर्यंत राजनांदगावला पोचला होता. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद करून रायपूर-बिलासपूरवरून पुढे नेला आणि १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत जोडला. या मार्गामुळे नागपूर-रायपूर टपाल बैलगाडीच्या हिशेबातून निघून आगगाडीच्या वेळापत्रकात आले. जुन्या पत्त्यांत गावाच्या नावापुढे ‘सी. पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) आणि कधी ‘बी. एन. रेल्वे’ असे लिहिलेले आढळते ते यामुळेच.

छत्तीसगढातल्या याच मराठी समाजातून माधवराव सप्रे पुढे आले. मराठी घरातल्या या संपादकाने १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. वामनराव लाखे त्यांच्या सोबत होते. दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणण्याचे काम सप्र्यांनीच केले. घरात मराठी आणि सार्वजनिक व्यवहारात हिंदी, ही रायपूरच्या मराठी माणसाची दुपदरी भाषिक स्थिती सप्र्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचे आहे.

पंडरी हा या शहराचा बाजारपेठेचा भाग. कापडाचा घाऊक बाजार, छत्तीसगढ हाट आणि अनेक वर्षे इथेच असलेले आंतरराज्य बसस्थानक यांमुळे पंडरीची ओळख ये-जा करणाऱ्यांचे ठिकाण अशी झाली. २०२१ मध्ये बसस्थानक भाठागावला हलले. अशा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा गठ्ठा उघडला तर त्यात व्यापारी कार्डे आणि घरगुती कार्डे एकमेकांत मिसळलेली असण्याचा संभव अधिक. मालाचा भाव, गठडी रवाना झाल्याची सूचना आणि भाचीच्या बारशाची वार्ता एकाच दोरीत बांधलेली असते. ती सोडवताना व्यापारी कागद रद्दीत टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पत्ते आणि तारखा जुळवण्यास तेच पुरावे कामी येतात.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास यांच्या मानाने मध्य प्रांतातल्या शहरांची छापील चित्रकार्डे कमी निघाली. त्यामुळे रायपूरच्या घरातल्या कार्डावर बहुधा रायपूर नसते. असते काशी, मुंबई, पुणे किंवा रामेश्वर. मुंबईत ही कार्डे मुंबईचा इतिहास सांगतात. रायपुरात ती सांगतात की या घरातले कोण कुठे गेले, कुठे शिकले, कोणत्या यात्रेला निघाले आणि कोणाची आठवण ठेवून त्यांनी स्टेशनावरचे एक कार्ड विकत घेतले.

उघड्या कार्डाची भाषा

पोस्टकार्ड कोणीही वाचू शकतो. पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतो, सासरची सगळी माणसे वाचतात. या उघडेपणाने मराठी कार्डाची भाषा घडवली. वर ‘श्री’, मग ‘ती. दादांस शिरसाष्टांग नमस्कार’ किंवा ‘चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद’, त्यापुढे ‘वि. वि.’ (विनंती विशेष), मग ‘इकडील सर्व क्षेम’, शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. अशा ठरीव चौकटीत मुख्य बातमी दोन-तीन ओळींचीच असे. प्रवासाला निघणाऱ्याला ‘पोचल्याचं कार्ड टाक’ असे बजावले जाई आणि ते कार्ड आले म्हणजे घर निश्चिंत होई. मृत्यूची वार्ता आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि शुभकार्याच्या कार्डाला हळदकुंकू लागलेले असे, म्हणजे अक्षर न वाचताही बातमीची जात कळे.

सचित्र कार्डात या चौकटीला आणखी एक वाट मिळाली. जे उघडपणे लिहिता येत नाही ते चित्र निवडून सुचवता येते. माहेरी कार्ड धाडणाऱ्या सुनेला ‘मी सुखात आहे’ याखेरीज फारसे काही लिहिता येत नसे, पण कोणते चित्र धाडायचे हे कधी कधी तिच्या हाती असे. नोकरीच्या शोधात मुंबईला गेलेला मुलगा मोठ्या इमारतीचे चित्र पाठवून त्यावर फुली करी आणि ‘इथे काम लागले’ असे लिही. चित्र आणि मजकूर यांचे नाते कधी पूरक असते, कधी विसंगत, कधी केवळ योगायोगाचे. प्रत्येक चित्रात गूढ अर्थ शोधणे चूक आहे, कारण दुकानात त्या दिवशी तेवढेच कार्ड शिल्लक असू शकते. म्हणून एका कार्डावरून निष्कर्ष काढू नये. एकाच व्यक्तीची पाच-सहा कार्डे शेजारी ठेवली की निवड आणि योगायोग यांतला फरक दिसू लागतो.

काळ ठरवण्याची साधने

तारीख नसलेले किंवा पुसट शिक्क्याचे कार्डही पुष्कळ काही सांगते. टपालाचा दर हे पहिले साधन. पाव आण्याचे हशील १९२२ मध्ये अर्धा आणा झाले आणि १९३१ च्या अखेरीस नऊ पै. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर कार्ड पाच नव्या पैशांचे झाले. पुढे अनेक वर्षे ते १५ पैशांना मिळत असे. दुसरे साधन पत्त्यातील प्रांत. रायपूरपुढे ‘सी. पी.’ असेल तर कार्ड सहसा १९५० पूर्वीचे, ‘म. प्र.’ असेल तर १९५० ते २००० मधले, ‘छत्तीसगढ’ असेल तर १ नोव्हेंबर २००० नंतरचे. इथे एक सापळा आहे. १९५० ते १९५६ या काळात नागपूरही मध्य प्रदेशातच होते आणि त्याची राजधानी होते. त्यामुळे ‘नागपूर, म. प्र.’ असा पत्ता दिसला तर ती चूक न मानता काळाची नेमकी खूण मानावी.

तिसरे साधन पिनकोड. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी टपाल अधिकाऱ्याने आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यात ४ हा पहिला आकडा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ यांना मिळून आहे. नागपूरचा ४४० आणि रायपूरचा ४९२ एकाच विभागात मोडतात. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी टपालाच्या नकाशावर ही दोन शहरे एकत्रच राहिली.

चौथे साधन लिपी आणि कालगणना. मोडीतला मजकूर सहसा विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा. शकाची मिती असेल तर त्यात ७८ मिळवले की बहुतेक महिन्यांसाठी इसवी सन मिळतो. ‘मार्गशीर्ष शुद्ध ५ शके १८४७’ म्हणजे १९२५ चा हिवाळा. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या मित्यांत इंग्रजी वर्ष उलटलेले असू शकते, एवढे ध्यानात ठेवावे. रायपूरच्या कार्डांबाबत आणखी काळजी घ्यावी लागते. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेकडील पंचांगात पौर्णिमेला. म्हणून मराठी घरातला ‘श्रावण वद्य’ हा शेजारच्या हिंदी घरात ‘भाद्रपद कृष्ण’ असतो. लिहिणारा कोणते पंचांग मानत होता हे न पाहता मिती लावली तर महिन्याची गफलत होते.

पाचवे साधन नावामागची उपाधी. एकाच बाईंच्या नावामागचे ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) आले, तर दोन कार्डांच्या दरम्यान त्यांच्या पतीचे निधन झाले हे उघड होते. ‘कु.’ जाऊन ‘सौ.’ आले आणि आडनाव बदलले, तर लग्नाचा काळ मिळतो. वंशावळीत स्त्रियांची माहेरची नावे बहुधा हरवलेली असतात. कार्डांवरच्या पत्त्यांतून ती परत मिळू शकतात. शेवटचे साधन भाषेचे. मराठी मजकुरात हिंदी आणि छत्तीसगढी शब्द किती शिरले, पुढच्या पिढीने मायन्यात काय बदलले, हे कार्डांच्या क्रमातून मोजता येते. देवनागरी ही मराठी-हिंदीची समाईक लिपी असल्याने रायपूरच्या पत्त्याला इंग्रजीची गरज पडली नाही. बडोदा, तंजावर किंवा बंगळुरूच्या मराठी घरांना ही सोय नव्हती.

अभ्यासाच्या परंपरा

सचित्र कार्डांच्या अभ्यासात तीन परंपरा ठळक आहेत. पहिली संग्राहकांची. प्रकाशक, मालिका, क्रमांक, छपाईचे तंत्र आणि दुर्मीळता यांची नोंद त्यांनी केली. अमेरिकी छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी जमवलेली सुमारे नऊ हजार कार्डे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. भारतीय कार्डांबाबत ओमर खान यांचे ‘पेपर ज्युएल्स’ आणि संगीता व रत्नेश माथूर यांचे ‘पिक्चरेस्क इंडिया’ ही दोन्ही पुस्तके २०१८ मध्ये आली आणि त्यांनी या क्षेत्राचा पाया पक्का केला. या परंपरेचा दोष एवढाच, की न वापरलेले, कोरे, स्वच्छ कार्ड तिला अधिक मोलाचे वाटते. कुटुंबाच्या इतिहासाला ते सर्वांत मुके.

दुसरी परंपरा वसाहतवादाच्या टीकेची. मालेक अल्लूला यांनी १९८१ मध्ये अल्जीरियातील स्त्रियांच्या फ्रेंच कार्डांवर लिहिलेल्या पुस्तकाने तिला धार आणली. कोणाचा फोटो कोणी, कोणाच्या संमतीने, कोणासाठी काढला हा प्रश्न तिने विचारला. भारतातल्या ‘नमुना’ कार्डांना तो तंतोतंत लागू पडतो. मात्र या दृष्टीत कार्ड पाठवणारा बहुतेक वेळा गोरा साहेब असतो. तेच कार्ड एखाद्या मराठी कारकुनाने बहिणीला पाठवले तर त्याचा अर्थ काय, हे ती सांगत नाही.

तिसरी परंपरा मजकुराची. ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठात जूलिया गिलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कार्डांवरचे मजकूर तपासले. कार्ड लिहिणाऱ्यांची नावे जनगणनेच्या नोंदींशी ताडून त्यांनी सामान्य माणसांच्या लेखनव्यवहाराचे चित्र उभे केले. चित्राचे कार्ड हा साक्षरतेचाही पुरावा ठरतो, हे या कामाने दाखवले. मराठीत पत्रसाहित्याची परंपरा मोठी आहे. साने गुरुजींनी पुतणीला लिहिलेल्या पत्रांपासून जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांपर्यंत ती सहज सांगता येते. ती लेखकांची पत्रे आहेत. ज्यांचे नाव कुठेही छापून आले नाही अशा आत्या-मावश्यांच्या दोन ओळींकडे मराठी अभ्यासाने अजून पुरेसे पाहिलेले नाही.

आज हा विषय का

खुशाली कळवण्याचे काम आता मोबाइलवर होते आणि त्यात खेद करण्यासारखे काही नाही. स्वस्त आणि सुटसुटीत निरोप हवा म्हणूनच पोस्टकार्ड जन्मले होते. निकड आहे ती वेगळ्या कारणाने. ही कार्डे लिहिणारी पिढी जवळजवळ संपली आहे आणि वाचून दाखवू शकणारी पिढी वृद्ध झाली आहे. जुनी घरे पाडून सदनिका उभ्या राहत आहेत आणि माळ्यावरच्या पेट्या रिकाम्या होत आहेत. संग्राहकांच्या बाजारात चित्राला किंमत येते, तिकिटाला येते. त्यामुळे एकाच घरातली कार्डे दहा ठिकाणी विखुरतात, किंवा तिकीट कापून उरलेले कार्ड फेकले जाते. संगणकावर चढवताना बहुतेक जण चित्राचीच बाजू स्कॅन करतात. असे अर्धे कार्ड सुस्थितीत जपले गेले तरी अर्धेच राहते.

मोडी वाचणारे दुर्मीळ होत चालले आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या घरांतल्या तरुण पिढीला पुष्कळदा मराठी बोलता येते, पण ‘वि. वि.’ किंवा ‘गं. भा.’ यांचा उलगडा होत नाही. कागद टिकला आणि वाचता येणारे उरले नाहीत, अशी वेळ रायपूरसारख्या शहरांत पुण्या-मुंबईच्या आधी येईल.

पुस्तकाचा हेतू

हे पुस्तक पंडरीतल्या आणि एकूणच रायपूरच्या मराठी घरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. त्याची रीत इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद किंवा शिकागो इथल्या मराठी घरालाही लागू पडेल. दुर्मीळ कार्डांची किंमत ठरवून देणे हा त्याचा हेतू नाही. नात्यातल्या कार्डांचा गठ्ठा हाती आल्यावर तो कसा उघडावा, कोणत्या क्रमाने लावावा, चित्र आणि मजकूर एकमेकांसमोर ठेवून कसा वाचावा, आणि वाचलेले पुढच्या पिढीसाठी कसे नोंदवावे, एवढेच ते शिकवू पाहते. छपाईच्या तंत्राची माहिती आवश्यक तेवढीच दिली आहे. लिपी, मायने, उपाध्या, कालगणना आणि पत्ते यांवर अधिक भर आहे, कारण इंग्रजी पुस्तकांत नेमके तेच मिळत नाही.

जतनाबाबत काही नियम पुस्तकभर गृहीत धरले आहेत. कार्ड लॅमिनेट करू नये. फाटले असेल तर चिकटपट्टी लावू नये. तिकीट सोडवू नये. दोन्ही बाजू कडांसह स्कॅन कराव्यात आणि एकाच नावाने जोडून ठेवाव्यात. गठ्ठ्याचा मूळ क्रम आधी नोंदवावा, मग बदलावा. नोंदी कार्डावर न लिहिता ते ठेवलेल्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने लिहाव्यात. हयात व्यक्तींचे पत्ते आणि घरगुती कलह उघड करणारा मजकूर संबंधितांना विचारल्याशिवाय प्रसिद्ध करू नये.

वाचकाने हे पुस्तक शेवटपर्यंत वाचून मग कामाला लागावे अशी अपेक्षा नाही. घरात अशी कार्डे असतील तर आधी ती ओळखू शकणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसावे, प्रत्येक कार्ड कोणी कोणाला लिहिले एवढे विचारून टिपून घ्यावे, आणि पुस्तक त्यानंतर उघडावे.